एकदा होऊन गेलं म्हणजे सुटलो का?

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये हमखास कानावर येतं, "मला गेल्या वर्षीच डेंग्यू होऊन गेलाय, आता काही होत नाही." हेच कुणी कांजिण्यांबद्दल म्हटलं तर बहुतेक वेळा खरं असतं. फ्लूबद्दल म्हटलं तर फार तर एखाद्या हंगामापुरतं खरं. डेंग्यूबद्दल मात्र हे वाक्य धोकादायक आहे. विषाणू कोणता, हे विचारल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

आधी गोवर घेऊ, कारण तिथे उत्तर अगदी स्पष्ट आहे. उत्तर अटलांटिकमधल्या, डेन्मार्कच्या ताब्यातल्या फेरो बेटांवर 1781 नंतर गोवर फिरकलाच नव्हता. 1846 मध्ये तो पुन्हा आला आणि पावणेआठ हजार वस्तीतल्या सुमारे सहा हजार लोकांना झाला. तिथे पाठवलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने म्हाताऱ्या माणसांची चौकशी केली, तेव्हा 1781 साली गोवर झालेल्यांपैकी एकालाही तो पुन्हा झालेला त्याला आढळला नाही. मधल्या 65 वर्षांत विषाणूशी गाठ पडली नव्हती, तरी शरीर विसरलं नव्हतं.

हे कसं होतं? आजार बरा झाल्यावर रक्तातल्या अँटिबॉडी (विषाणूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिनं) हळूहळू उतरतात, पण त्या बनवणाऱ्या काही पेशी हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं उत्पादन चालू ठेवतात. त्यांच्या जोडीला स्मृतिपेशी असतात. त्या नुसत्या थांबून असतात आणि विषाणू पुन्हा दिसला की काही दिवसांत मोठी फौज उभी करतात. आता सगळा खेळ या 'काही दिवसां'चा आहे. गोवराचा विषाणू आत शिरल्यापासून ताप यायला दहा-बारा दिवस घेतो आणि रक्तातून अंगभर पसरतो, त्यामुळे स्मृतिपेशींना तयारीला वेळ मिळतो. फ्लूचा विषाणू नाका-घशातच वाढतो आणि 1 ते 4 दिवसांत आजारी पाडतो. स्मृतिपेशी जाग्या होईपर्यंत खोकला सुरू झालेला असतो. शिवाय गोवराचा विषाणू स्वतःला फारसा बदलू शकत नाही, फ्लूचा सतत बदलतो.

म्हणून कुणी "गोवर होऊनच जाऊ दे, नैसर्गिक प्रतिकारशक्ती येईल" असं म्हणतं तेव्हा वाईट वाटतं. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींवरच हल्ला करतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोवर झालेल्या, लस न घेतलेल्या मुलांमधल्या इतर जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडी 11 ते 73 टक्के घटलेल्या आढळल्या. म्हणजे एका आजारापासून संरक्षण मिळालं, पण आधी कमावलेलं बरंच गेलं. नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि मग 16 ते 24 महिन्यांदरम्यान मिळणारे गोवर-रुबेला लसीचे दोन डोस ही किंमत घेत नाहीत.

आता डेंग्यू. याचे चार प्रकार आहेत. ज्या प्रकाराचा होऊन गेला त्यापासून आयुष्यभर संरक्षण मिळतं, हे खरं. उरलेल्या तिघांपासून मात्र काही महिन्यांपुरतंच, फार तर वर्ष-दोन वर्षं. त्यानंतर जुन्या अँटिबॉडी वेगळ्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट अशा अँटिबॉडी चिकटलेला विषाणू पांढऱ्या पेशींच्या आत अधिक सहज शिरतो आणि तिथेच वाढतो. क्यूबात 1977 मध्ये प्रकार 1 ची साथ आली होती. सँटियागो दे क्यूबा शहरात 1997 मध्ये प्रकार 2 आला, तेव्हा गंभीर झालेले रुग्ण जवळजवळ सगळे आधी एकदा डेंग्यू झालेले प्रौढ होते, तोही वीस वर्षांपूर्वी. फिलिपिन्समध्ये 2016 पासून शाळकरी मुलांना दिली जाणारी डेंग्यूची लस 2017 अखेर थांबवावी लागली ती याच कारणाने: आधी कधीच डेंग्यू न झालेल्या मुलांमध्ये लसच पहिल्या संसर्गासारखी ठरत होती. दुसऱ्या खेपेला प्रत्येकाचा डेंग्यू गंभीर होत नाही, बहुतेक जण बरेच होतात. पण धोका वाढतो, आणि पहिल्या खेपेला नुसता दोन दिवसांचा ताप येऊन गेला असेल तर आपण दुसऱ्या खेपेत आहोत हे माणसाला ठाऊकही नसतं.

म्हणून जुना रिपोर्ट टाकून देऊ नका. फाइलमध्ये तारखेसकट ठेवा आणि पुन्हा ताप आला की डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. यामुळे तपासण्यांचा अर्थ बदलतो. एनएस-1 ही विषाणूचंच एक प्रथिन शोधणारी तपासणी पहिल्या पाचेक दिवसांत उपयोगाची. आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गात आधी बनणारी अँटिबॉडी, साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतं. दुसऱ्या संसर्गात मात्र आयजीजी, म्हणजे एरवी उशिरा येऊन टिकून राहणारी अँटिबॉडी, झपाट्याने चढतं, आयजीएम कधी कधी क्षीण राहतं आणि एनएस-1 लवकर निघून जाऊ शकतं. तेव्हा एक एनएस-1 निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं समजू नये. नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर तो जुना संसर्ग असू शकतो किंवा आत्ता चालू असलेला दुसरा, त्याचा अर्थ डॉक्टरांनाच लावू द्या. आणि लॅबमधल्या नेहमीच्या किटवर प्रकार कळत नाही, तेव्हा 'कोणता राहिलाय' याचा हिशेब घरी करता येत नाही.

सगळं घर प्लेटलेट्सच्या आकड्याकडे डोळे लावून बसतं. खरा धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा, आणि त्याची खूण त्याच सीबीसी रिपोर्टवर हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का; पाणी झिरपलं की तो चढतो) म्हणून छापलेली असते. प्लेटलेट्स उतरत असताना हिमॅटोक्रिट 40 वरून 48 वर गेलं, म्हणजे 20 टक्क्यांनी चढलं, तर ते झिरपण्याचं लक्षण आहे. हे बहुतेक वेळा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसात घडतं, नेमकं "आता बरं वाटतंय" असं म्हणायच्या वेळी. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा किंवा गुंगी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. तापाला पॅरासिटामॉलच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि तापाच्या दिवसांत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि रुग्णाच्या रक्तातून विषाणू घेऊन घरातल्या इतरांकडे नेतो.

चिकुनगुन्याचं नेमकं उलटं. त्याचा एकच प्रकार मानला जातो आणि एकदा झाल्यावर संरक्षण दीर्घकाळ टिकतं. सहा महिन्यांनी सांधे पुन्हा धरले तर तो बहुधा जुन्याच आजाराचा शेपूट असतो. आयजीएम महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहू शकतं, त्यामुळे त्यावरून 'परत झाला' म्हणू नये.

"कावीळ होऊन गेलीय" या वाक्याला तर काहीच अर्थ नाही. काविळीच्या प्रकारांपैकी हेपॅटायटिस ए एकदा झाला की पुन्हा होत नाही, पण तो ई, बी किंवा सी पासून वाचवत नाही. हे वेगवेगळे विषाणू आहेत. सी बरा होऊनही पुन्हा होऊ शकतो.

कांजिण्यांचा विषाणू शरीर सोडून जातच नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी निपचित राहतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर येतो. ती एका मज्जातंतूच्या पट्ट्यातून, शरीराच्या एकाच बाजूला उमटते. त्यामुळे विळखा पूर्ण होण्याची भीती बाळगत मंत्र-लेप करत बसू नये. पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू होणं महत्त्वाचं. पन्नाशीनंतर यासाठी लस आहे, 2 ते 6 महिन्यांच्या अंतराने दोन डोस.

फ्लूची लस पुण्यात पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी, कारण इथे साथ जुलै ते सप्टेंबरमध्ये वाढते आणि लसीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. गेल्या वर्षी फ्लू झाला म्हणून यंदाची लस टाळू नये.

शेवटी आठवणीवर किती विसंबायचं? लहानपणी अंगावर पुरळ आलं की घरात त्याला सरसकट गोवर म्हटलं जायचं, आणि त्यात रुबेला कुठला, दुसरा ताप कुठला, हे कुणी तपासलेलं नसतं. गरोदरपणात रुबेला झाला तर गर्भाला इजा होऊ शकते, म्हणून मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रीने "मला लहानपणी झालाय" यावर थांबू नये. रुबेलाची आयजीजी तपासणी करून घ्यावी, कांजिण्यांची खात्री नसेल तर त्याचीही. निगेटिव्ह आल्यास लस घेऊन किमान 1 महिना गर्भधारणा टाळायची. या जिवंत विषाणूंच्या लसी गरोदरपणात देत नाहीत, त्यामुळे हे आधीच करावं लागतं.