बर्ग्यांची हिवाळी सहल

हावड्याला उतरलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. ऊन चांगलं पाठीवर येत होतं आणि मी स्वेटर काढून पिशवीत कोंबला होता. समोरून एक गृहस्थ आले. अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, त्यावर शाल आणि डोक्यावर चॉकलेटी रंगाची माकडटोपी, हनुवटीपर्यंत ओढलेली. चेहरा म्हणून शिल्लक होते ते नाक आणि चष्मा. त्यांच्यामागून दुसरी माकडटोपी आली, तिच्या कडेवर एक इवलीशी माकडटोपी. सासूबाई थबकल्याच.

"माय वं! इथं काही साथ आली का?"

नवऱ्याने मोबाइलवर तापमान पाहिलं. 24 अंश.

आम्ही नागपूरचे, महाल या जुन्या वस्तीतले. डिसेंबरात आमच्याकडे पारा दहाच्या आसपास सहज उतरतो. 2018 च्या डिसेंबरअखेर तर तो साडेतीनवर गेला होता, आणि त्या पहाटेही आमचा दूधवाला हाफ स्वेटरवर आला होता. कलकत्त्याला जायचं ठरल्यावर मी थंडीच्या नावाने तीन शाली, दोन मफलर आणि एक जाडजूड कोट घेतला होता. तो कोट पुढचे सहा दिवस मी हातावर घेऊन फिरले.

दोन दिवसांत एवढं लक्षात आलं की कलकत्त्यातली माकडटोपी ही थंडीसाठी नसतेच. वर्षातले दहा महिने घामात काढणाऱ्या या लोकांकडे थंडी महिना-दीड महिना माहेरपणाला येते. मग तिचं कोडकौतुक करायला नको? डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे स्वेटर बाहेर निघतात, गच्चीवर रजया पसरतात, आणि जो तो ज्याला त्याला बजावत सुटतो, "ठांडा लेगे जाबे", थंडी लागेल. मी बिनटोपीची हिंडत होते म्हणून ट्राममधल्या एका अनोळखी बाईंनीही मला हे सुनावलं. सुरात काळजी होती आणि थोडा रागही.

भवानीपूरला एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. मालक सत्तरीचे, बँकेतून निवृत्त झालेले. दार उघडलं तेही माकडटोपीतूनच. कुठून आलात, विचारलं. नागपूर, म्हटलं. त्यांनी टोपी कपाळावर सरकवली, आमच्याकडे नीट पाहिलं आणि आतल्या दिशेने आनंदाने ओरडले, "ओगो शुनछो? बोर्गी एशे गेछे!" अहो ऐकलंत का, बर्गी आले!

आतून त्यांच्या बायको चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि त्याही हसत सुटल्या. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हणून रायले वं हे?"

मला अर्धवट ठाऊक होतं, बाकीचं त्या बाईंनी सांगितलं. बर्गी म्हणजे आपला बारगीर, ज्याचं घोडं आणि हत्यार सरकारचं असतं तो स्वार. स्वतःचं घोडं बाळगणारा तो शिलेदार. रघूजी भोसल्यांचे हे स्वार 1742 पासून 1751 पर्यंत बंगालवर पुन्हा पुन्हा चालून गेले, आणि बंगाली माणसाने त्या सगळ्यांना मिळून एकच नाव दिलं. तिथल्या आया आजही बाळांना ज्या अंगाईने निजवतात तिच्यात बाळ झोपतं, आळी निवांत होते आणि बर्गी देशात येतात. पुढे बुलबुल भात खाऊन जातात, तेव्हा सारा कशाने भरायचा, असा प्रश्न येतो. आपल्याकडे बागुलबुवा येतो, तिकडे आपण येतो.

भोसल्यांचा वाडा आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. शाळेत अटकेपार झेंड्यांवर मी पानपानभर उत्तरं लिहिलेली. बंगालच्या स्वाऱ्यांना आमच्या पुस्तकात दोन ओळी होत्या, आणि त्यातली एक चौथाईची होती. गावं जाळली, धान्य नेलं, माणसं भागीरथी ओलांडून पूर्वेकडे पळाली, हे मला एका परक्या घरात, फार छान चहा पिताना कळत होतं. बाईंच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्यामुळे जरा जास्तच अवघडल्यासारखं झालं. सासूबाईंनी यावर झटकन तोडगा काढला. पिशवीचं तोंड सोडलं आणि दोन डझन संत्री टेबलावर मांडली.

त्या संत्र्यांची एक वेगळीच गंमत. सासूबाईंचं माहेर वरूडचं, माहेरी संत्र्याची बाग. आंबिया बहराची फळं नुकतीच उतरलेली, म्हणून दहा किलोची पिशवी भरून आणलेली. अकराशे तीस किलोमीटर तिच्यावर कोणाला पाय ठेवू दिला नव्हता. कलकत्त्यात मात्र हिवाळा म्हणजे दार्जिलिंगचं संत्रं. ते लोक त्याला कमलालेबू म्हणतात. दुपारच्या उन्हात चटईवर बसून ते सोलत बसणं हा तिथला ठरलेला कार्यक्रम, आणि तो पाहायचा तर अलीपूरच्या प्राणीसंग्रहालयात.

आम्ही नेमके नाताळानंतरच्या रविवारी तिथे गेलो. 1876 सालचं हे प्राणीसंग्रहालय. नाताळच्या सुट्टीत तिथे वाघापेक्षा माणसं बघण्यासारखी असतात. डबे, चटया, थर्मास, आज्या, आणि लहान मुलांच्या डोक्यांवर पुन्हा त्याच टोप्या. अद्वैत नावाचं एक राक्षसी कासव इथे 2006 पर्यंत होतं. ते क्लाइव्हच्या पाळीव कासवांपैकी म्हणतात, वय अडीचशे सांगत. ते खरं धरलं तर बर्ग्यांच्या काळातलं जिवंत असलेलं तेवढंच एक कोणीतरी होतं, आणि आमची भेट हुकली. सासूबाईंना याचं काही नव्हतं. त्या फाटकाबाहेर एका गाड्यापाशी अडकल्या होत्या. गाडीवाला "दार्जिलिंग, दार्जिलिंग" ओरडत होता. त्यांनी एक फळ उचललं, देठाकडचा उंचवटा अंगठ्याने दाबला, साल सैल आहे का ते चाचपलं, नाकाशी नेलं.

"दार्जिलिंग कायचं? वरूडचं आहे हे."

गाडीवाला बंगालीत, या वऱ्हाडीत. पाच मिनिटं दोघंही तावातावाने भांडले आणि दोघांनाही एकमेकांचा एक शब्द कळला नाही. शेवटी त्याने हात जोडून दोन संत्री फुकट दिली. दार्जिलिंगचं खरं संत्रं आम्हाला नंतर भवानीपूरच्या बाईंनी खायला घातलं. लहान, पातळ सालीचं, गोड. सासूबाई दोन फोडी खाऊन म्हणाल्या, "चांगलं आहे," आणि तिसरी फोड आपल्या संत्र्याची घेतली.

व्हिक्टोरिया मेमोरियल पाहिलं. मकराण्याचा संगमरवर, घुमटावर वाऱ्याने फिरणारी परी, तिकिटाला रांग. माझ्या लक्षात राहिली ती त्याची पत्रिका. 1906 साली ज्याने पायाचा दगड बसवला, त्याच पाचव्या जॉर्जने 1911 साली राजधानी दिल्लीला हलवली, आणि इमारत उघडली 1921 साली. मांडव घालावा आणि वरात दुसऱ्याच गावी लागावी तसं झालं. हावडा पुलावरून चालत गेलो. साडेसव्वीस हजार टन पोलाद, एकही नट-बोल्ट नाही, सगळं रिव्हेटांवर, 1943 पासून उभं. त्या पोलादालाही लोकांनी पानं खाऊन खाऊन मारलेल्या पिचकाऱ्यांनी गंज चढवला, म्हणून खांबांच्या बुंध्यांना फायबरची आवरणं घालावी लागली. हे वाचून नवऱ्याला फार बरं वाटलं. खर्ऱ्यापायी, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी, नागपूरकरांना तो आजवर एकटेच गुन्हेगार समजत होता.

हुगळीच्या पोटातून जाणारी मेट्रोही झाली. 2024 च्या मार्चमध्ये सुरू झालेली. नदी लागली की बोगद्यात निळे दिवे दिसतात. जेमतेम पाऊण मिनिट. सासूबाईंनी तेवढ्यात डोळे मिटून नदीला नमस्कार केला आणि उघडले तोवर नदी संपली होती. "परत जाऊ," म्हणाल्या. परत गेलो. दहा रुपयांत दुसऱ्यांदा गंगास्नान.

नवऱ्याच्या यादीत बेलूर होतं, पार्क स्ट्रीटची रोषणाई होती, न्यू मार्केटमधल्या जुन्या ज्यू बेकरीचा प्लम केक होता. मला बागबाजार हवं होतं. कारण नकाशावर मला एक गल्ली सापडली होती आणि तिचं नाव होतं मराठा डिच लेन.

गोष्ट अशी, की 1742 साली मराठ्यांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. तीनेक मैल झाला, मराठे काही फिरकले नाहीत, काम थांबलं. आणि 1756 साली शहरावर चालून आला तो सिराजउद्दौला. अर्धवट खंदकाने त्याला काही अडवलं नाही. ज्यांच्यासाठी एवढी माती उपसली ते आलेच नाहीत, आणि आला तो घरचाच नवाब. पुढे त्या खंदकात शहर केरकचरा टाकत राहिलं, आणि शतक संपताना तो बुजवून वर सर्क्युलर रोड केला. त्याच रस्त्याच्या एका भागाला आज आचार्य प्रफुल्लचंद्र रायांचं आणि दुसऱ्याला जगदीशचंद्र बोसांचं नाव आहे. आपल्या भीतीवरून बस धावते, ही मला मोठीच बढती वाटली.

गल्लीत खंदक नव्हता, हे सांगायला नकोच. एक इस्त्रीवाला होता, कोळशाची इस्त्री. न्हाव्याचं दुकान, दोरीवर लुंग्या, एका ओट्यावर उन्हात शेकत बसलेले तिघे म्हातारे, तिन्ही टोप्या वेगवेगळ्या रंगांच्या. भिंतीवर गल्लीच्या नावाची पाटी. नवरा म्हणाला, आई, पाटीखाली उभी राहा, फोटो काढतो.

"नाही बाप्पा. पोलिसात चोरांचे लावतात तसा दिसन."

म्हाताऱ्यांपैकी एकाने विचारलंच, काय शोधताय? मी हिंदीत म्हटलं, खंदक. तो म्हणाला, आमचे आजोबाही शोधत होते. मग त्याने आम्हाला जवळच्या दुकानात रसगुल्ले खायला पाठवलं. रसगुल्ला जन्मला तो याच बागबाजारात, 1868 साली, यावर कलकत्तेकर ठाम असतात आणि ओडिशावाले तितकेच ठाम असतात की छे, तो आमचा. ओडिशा 1751 च्या तहापासून 1803 पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्यामुळे या भांडणात एखादा साक्षीदार आमच्या बाजूनेही काढता येईल, असं मला तो तिसरा रसगुल्ला खाताना वाटून गेलं.

पण हिवाळ्यात गेलात तर पांढरा रसगुल्ला बाजूला ठेवा आणि तपकिरी मागा. तो नोलेन गुडाचा. खजुरीच्या झाडाला संध्याकाळी खाच देऊन मडकं बांधतात, रात्रभर थंडीत रस ठिबकतो आणि पहाटे उतरवून आटवतात. थंडी नसली तर रस आंबतो, म्हणून हे वैभव दोन-तीन महिन्यांचंच. आपल्या उसाच्या गुळासारखा तो घशाला धरत नाही. धुराचा वास, किंचित खारटपणा आणि मग गोडी, तीही उशिरा. जयनगरचा मोआ नावाचा लाह्यांचा लाडू या गुळात वळतात, तो तर हातात घेतला की विरघळायच्या बेतात असतो. माकडटोप्यांचं रहस्य मला इथे उलगडलं. ज्या थंडीने हा गूळ येतो, तिला टोपी घालून सामोरं जाणं भागच आहे.

निघायच्या दिवशी सकाळी मालकांनी सालाच्या पानात बांधलेली पाटाळी, म्हणजे त्याच गुळाची ढेप, टेबलावर ठेवली. सुरीने तिचे चार भाग केले. तीन आपल्या बरणीत टाकले आणि चौथा कागदात गुंडाळून सासूबाईंच्या हातात दिला.

"चौथ," म्हणाले, गंभीरपणे. मग टोपीतून हसू फुटलं.

1751 साली बंगालचा नवाब अलीवर्दी खान याने चौथाई म्हणून वर्षाला बारा लाख कबूल केले होते. आम्हाला अंदाजे पाव किलो मिळाला. सासूबाईंना विनोद समजावून सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत. त्यांनी उरलेली सगळी संत्री त्या घरात ठेवली, पिशवीसकट, आणि खरेदीला म्हणून गेलेल्या नवऱ्याला निळ्या रंगाची एक माकडटोपी आणायला लावली. गाडीत ती घालून बसल्या. खरगपूर जाईपर्यंत काढली नाही.

संक्रांतीला त्या गुळाचे तिळगुळ करायचा बेत त्यांनी केला. तीळ भाजले, दाण्याचं कूट घातलं, गूळ कढईत टाकला. गूळ पातळ झाला आणि पातळच राहिला. लाडू वळेनात. घरभर मात्र खजुरीच्या धुराचा वास सुटला. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या तेव्हा आम्ही त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवण्याऐवजी वाटी आणि चमचा ठेवला.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"बंगालची चौथाई आहे," सासूबाई म्हणाल्या. "चाटून खा."