जपानी इन्स्टंट नूडल्स : नोंद ६१ ते ६६

मंडळी, या महिन्यात सहाच नोंदी झाल्या. पण त्यातले दोन कप मी शेजारी शेजारी ठेवून खाल्ले आणि त्यानंतर गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत काढावी लागली.

निस्सिनचा ‘दोंबेई कित्सुने उदोन’ तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. १९७६ पासून तो बाजारात आहे. बसका, रुंद कप, जाड चपटे उदोन, म्हणजे गव्हाच्या नूडल्स, आणि वर अबुरागेचा, म्हणजे गोडसर मुरवलेल्या तळलेल्या तोफूचा भला मोठा तुकडा. मात्र पूर्व जपानातला दोंबेई वेगळा आणि पश्चिमेतला वेगळा. कपावर बारीक अक्षरात पूर्वेसाठी इंग्रजी ‘ई’ असतो, पश्चिमेसाठी ‘डब्ल्यू’. टोकियोत राहून मी आजवर पूर्वेचाच खात आले. ओसाकाला जाणं झालं तेव्हा येताना पश्चिमेचे चार कप घेऊन आले.

एकाच किटलीतलं पाणी, दोन्हीकडे आतल्या रेषेपर्यंत, पाच मिनिटं. झाकण काढलं की रंगातच फरक कळतो. पूर्वेचा रस्सा गडद, पश्चिमेचा फिकट. पूर्वेच्या कपातून आधी कात्सुओबुशीचा, म्हणजे धुरी देऊन सुकवलेल्या मासळीचा वास येतो. कोकणातल्या घरी सुक्या मासळीचा डबा उघडावा तसा, फक्त जास्त धुरकट. मागोमाग सोयासॉसचा खारटपणा. पश्चिमेच्या रश्शात कोंबूचा, म्हणजे समुद्री शेवाळाच्या दाशीचा (अर्काच्या पाण्याचा) भर. पहिल्या घोटाला मला तो अळणीच वाटला. तिसऱ्या घोटापर्यंत जीभ शांत झाली आणि मग गिळून झाल्यावरही चव घशापाशी रेंगाळायला लागली. अबुरागेचा गोडवा मला इथे पहिल्यांदा नीट लागला, पूर्वेच्या कपात सोयासॉस त्याच्यावर चढून बसतो.

आता गुण कसे द्यायचे? नूडल्स मला दोन्हीकडे सारख्याच लागल्या, मग एकच आकडा देऊन काय सांगणार? म्हणून यापुढे रस्सा आणि नूडल्स यांना दहापैकी वेगवेगळे गुण. नोंद ६१, पूर्व : रस्सा साडेसात, नूडल्स सात. नोंद ६२, पश्चिम : रस्सा नऊ, नूडल्स सात.

नोंद ६३ म्हणजे पश्चिमेचाच कप, पण पाचऐवजी दहा मिनिटं ठेवलेला. २०१५ मध्ये जपानात या दहा मिनिटांच्या दोंबेईची बरीच चर्चा झाली होती. उदोन फुगून गुळगुळीत, लुसलुशीत होतात आणि अबुरागे रस्सा पिऊन जड होतो. नूडल्स आठ. रस्सा मात्र कोमट झाला, तिथे आठच. कप टॉवेलमध्ये गुंडाळून पुन्हा करून बघणार आहे.

पुढच्या दोन नोंदी पाकिटांच्या. सान्यो फूड्सचं ‘साप्पोरो इचिबान मिसो’ (१९६८; मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) आणि तोयो सुइसानचं ‘मारुचान सेइमेन’ शोयु, म्हणजे सोयासॉसच्या चवीचं (२०११). पहिल्यातल्या नूडल्स तळलेल्या आहेत. निस्सिनचे संस्थापक आंदो मोमोफुकु यांनी १९५८ मध्ये ‘चिकन रामेन’साठी वापरली तीच युक्ती : गरम तेलात नूडल्समधलं पाणी वाफ होऊन निघून जातं, मागे बारीक भोकं राहतात आणि त्यांतून उकळतं पाणी झटकन आत शिरतं. सेइमेन तळत नाहीत, वाळवतात. त्यामुळे ती दाताखाली खरोखर ताज्या नूडल्ससारखी लागते. नूडल्सना नऊ गुण, हात न आखडता.

तरीही तळलेल्या नूडल्सवर मी यापूर्वी अन्याय केला, असं आता वाटतं. त्यांचं तेल रश्शात उतरतं आणि मिसोला जो भरीवपणा येतो तो त्याच तेलातून. सोबतच्या पुडीतला शिचिमी (सात जिनसांचा तिखट) मसाला शेवटी भुरभुरला की काम फत्ते. साप्पोरो इचिबान : रस्सा साडेआठ, नूडल्स साडेसहा. तळलेल्या आणि न तळलेल्या नूडल्स एकाच रांगेत लावल्या होत्या, त्या जुन्या नोंदी मी पुन्हा चाखून वेगळ्या करते आहे. अकरा झाल्यात.

६६ : ‘पेयांग’ याकिसोबा, म्हणजे रस्सा नसलेल्या, सॉस लावलेल्या नूडल्स. चौकोनी डबा, पाणी ओतून टाकायचं आणि सॉस कालवायचा. नूडल्स सात. रस्साच नाही, त्यामुळे तो रकाना रिकामा.

यावरून आठवलं, होक्काइदोत ‘याकिसोबा बेंतो’ मिळतो. त्यात नूडल्सचं काढलेलं गरम पाणी फेकत नाहीत, सोबतच्या पुडीवर ओतून त्याचंच सूप करतात. त्याला दोन्ही रकाने भरता येतील. तिकडून कुणी टोकियोला येणार असेल तर दोन डबे नक्की आणा, पैसे लगेच देईन.