बेरीज शंभर, तेल ऐंशी

चंदनतेलाचा नमुना आला की जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, तेलाची वाफ करून घटक वेगळे मोजणारं यंत्र) आधी आलेखातले दोन पीक, म्हणजे उंचवटे, बघायचे: अल्फा-सँटालोल आणि बीटा-सँटालोल, चंदनतेलाचे मुख्य घटक. दोन्ही सेस्क्विटर्पीन अल्कोहोल, सूत्र एकच. चंदनतेलाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३५१८, त्याप्रमाणे अल्फा ४१ ते ५५ टक्के हवं, बीटा १६ ते २४. या नमुन्यात अल्फा ४६, बीटा २०. ऑस्ट्रेलियन चंदनात ठळक दिसणारं फार्नेसॉल नावापुरतं. डीईपी (तेल पातळ करून वाढवायला वापरतात ते डायइथाइल थॅलेट) नाही, कृत्रिम चंदनगंधी रसायनं नाहीत. रिपोर्ट टाइप करून मोकळं व्हायचं.

पण सगळेच पीक बुटके होते. आमच्या संदर्भ-नमुन्याइतकंच वजन, तेवढंच इंजेक्शन, तरी एकूण क्षेत्रफळ जेमतेम चार-पंचमांश. सॉफ्टवेअरला त्याचं सोयरसुतक नसतं. डिटेक्टरपर्यंत जे पोचलं त्याचीच ते शंभर टक्क्यांत वाटणी करतं. जे उडालंच नाही, इंजेक्टरच्या काचनळीत चिकटून बसलं, ते त्याच्या हिशेबी जन्मालाच आलेलं नसतं.

मला एरंडेलाचा संशय आला. खोबरेल घातलं तर घनता लगेच चुगली करते. एरंडेलाची ०.९६, चंदनतेलाची ०.९७च्या आसपास; शिवाय दोन्ही दाट. घालणाऱ्याला रसायनशास्त्र आमच्याकडच्या नव्या पोरांपेक्षा बरं येत असावं. ऑप्टिकल रोटेशन (तेल ध्रुवित प्रकाशाला किती फिरवतं ते) सुद्धा मर्यादेत बसलं. अपवर्तनांक (तेलात शिरताना प्रकाश किती वाकतो ते) मात्र घसरला, आणि ७० टक्के अल्कोहोलच्या पाच पटीत जे स्वच्छ विरघळायला हवं, ते गढूळ झालं. एस्टर मूल्यही, म्हणजे तेलातल्या एस्टरांचं माप, नको तितकं चढलं. एरंडेलाचं स्वतःचं १८०च्या घरात असतं.

यातलं नमुना पाठवणाऱ्या शेठनी काहीच मागितलं नव्हतं. फी फक्त जीसीची. अपवर्तनांक मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला एक थेंब पुरतो, पण हल्ली सगळ्यांना आलेख हवा असतो.

आमच्या लॅबचे सर म्हणाले, "मागितलंय तेवढंच द्या." नियमानं बरोबरच. मी आकड्यांखाली एक ओळ घातली: टक्केवारी केवळ बाष्पनशील भागाची, न उडणारे घटक मोजलेले नाहीत. सरांनी मान वर न करता सही केली.

संध्याकाळी शेठचा फोन. "मॅडम, आकडे झकास आलेत. ती खालची ओळ तेवढी काढा की."

"ती काढली तर आकड्यांचा अर्थ बदलतो, शेठ."

"पण आकडे तुमच्याच मशीनचे ना? खोटे आहेत का?"

खोटे नव्हते. अजून त्याचं नेमकं उत्तर मला सुचलेलं नाही. ओळ मी काढली नाही. त्यांचा पुढचा नमुना आला, तेव्हा मागणीपत्रावर ठळक लिहिलं होतं: फक्त जीसी, शेरा नको.