आमची वाटचाल : उद्यमनगरातला एसीचा गाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्ही दोघांनी भाड्याच्या गाळ्यात गाडीच्या एसीचं काम सुरू केलं. भागीदाराच्या हट्टापायी बोर्ड रंगवायच्या आधी एसीतला गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशिन आणि वजनकाटा आला. त्याचं म्हणणं एकच होतं, दुसऱ्याच्या गाडीतला गॅस हवेत सोडायचा आपल्याला हक्क नाही. गाडीच्या एसीत असतो तो आर १३४ए गॅस एक किलो सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. भागीदार पुढे मस्कतला गेला, पण त्याचा नियम मी मोडला नाही.

मग समोर दुसरा गाळा उघडला. दर आमच्या निम्मा. पाइप ढिला केला की जुना गॅस फुस्सकन हवेत, पंपानं नळ्यांतली हवा आणि ओल ओढून व्हॅक्युम करणं नाही, ओल शोषणारा ड्रायर बदलणं नाही, आणि भरायला भेसळीचा स्वस्त माल. त्यात स्वयंपाकाचा गॅस! कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते; ती गळली की पेट घेणारा गॅस थेट माणसं बसतात तिथे येतो. ड्रायव्हर लोकांना कमिशन मिळायचं, त्यामुळे ऐन मे महिन्यात गॅसचा दाब मोजणारे आमचे गेज खुंटीला टांगलेले. समोरच्या गाळ्यानंच बिघडवलेली एक गाडी आमच्याकडे आली आणि तिच्या गॅसनं आमचा अख्खा सिलिंडर नासवला. ३० अंशाला शुद्ध १३४ए असेल तर गेजचा काटा ९७ पीएसआय दाबाच्या आसपास हवा, आमचा भलतीकडेच. भाडं थकलं, मशिन विकायची बोलणी झाली. हे मी विसरलेलो नाही.

त्याच दिवसांत आमचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त प्राध्यापक, काँटेसा घेऊन आले. गाडीला बाहेरून बसवलेला, आर १२ या जुन्या गॅसचा एसी होता, तो पूर्ण काढायचा होता. समोरच्यानं दहा मिनिटांत काढतो म्हणून सांगितलं होतं. सर म्हणाले, "गॅस कुठं जाणार ते मला दाखवा." आर १२ ओझोन खातो, भारतात २०१० पासून त्याच्यावर बंदी, हे त्यांना पाठ. सर स्टुलावर बसून काट्याकडे बघत राहिले. वेगळ्या सिलिंडरमध्ये गॅस उतरला, गेज शून्याखाली गेला, थोडं थांबलो, पुन्हा चढतो का पाहिलं. मगच नट सोडले. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॉइल काढून प्रत्येक तोंडाला बूच मारलं. सरांनी मागितल्याहून जास्त पैसे दिले आणि त्यांच्या ओळखीतल्या गाड्या आमच्याकडे लावून दिल्या. गाळा तिथून सावरला.

पुढची वर्षं बरी गेली.

एसी काढायला गाडी देणार असाल तर गॅस किती उतरला, ते वजन बिलावर लिहून घ्या. बॉनेटखालच्या पट्टीवर गॅसचं वजन लिहिलेलं असतं, त्या आकड्याशी ताडून बघा. फार कमी असेल तर आधी गळती कुठे होती ते विचारा. आणि मेकॅनिकला सांगा, १२ आणि १३४ए एका सिलिंडरमध्ये घालायचे नाहीत, सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही.