कागदाचा आकार आणि वाचकाचा वर्ग

ब्रिटनमध्ये एखाद्याच्या हातात कोणते वर्तमानपत्र आहे, यावरून त्याचा वर्ग, शिक्षण आणि राजकीय कल ओळखण्याची सवय जुनी आहे. पूर्वी ही ओळख लांबूनही पटत असे, कारण ‘टाइम्स’, ‘गार्डियन’, ‘डेली टेलिग्राफ’ यांसारखी गंभीर पत्रे मोठ्या ब्रॉडशीटवर निघत आणि ‘सन’, ‘डेली मिरर’ ही लाल पट्टीवर नाव छापणारी पत्रे त्याच्या निम्म्या आकाराची, म्हणजे टॅब्लॉइड असत. ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर तर मे १९६६पर्यंत बातम्या नसून छोट्या जाहिराती असत, आपला वाचक निवांतपणे पान उलटून आत जाईल, याची केवढी ही खात्री! पुढे ‘टाइम्स’ २००४ साली आणि ‘गार्डियन’ २०१८ साली टॅब्लॉइड आकारात आले, तरी त्यांचा वाचक मात्र फारसा बदलला नाही.

या दोन टोकांच्या मधली जागा १८९६ साली हार्म्सवर्थ यांनी अर्ध्या पेनीत सुरू केलेल्या ‘डेली मेल’ने हेरली. नोकरदार कनिष्ठ मध्यमवर्ग आणि विशेषतः स्त्रिया हा आपला वाचक आहे, हे त्यांनी फार लवकर ओळखले. पत्राची मते मला पटत नाहीत. पण वाचकाची नाडी जाणण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नाही, असे माझे मत आहे.

वर्गावरून मत ठरते, हा समज सर्वांत जास्त खोटा पाडला तो ‘सन’ने. ‘मिरर’ आणि ‘सन’ या दोघांचाही वाचक प्रामुख्याने कामगारवर्गातला. पण ‘मिरर’ मजूर पक्षाशी एकनिष्ठ राहिला, तर १९६९ साली माध्यमसम्राट मर्डॉक यांच्याकडे गेलेला ‘सन’ हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंच्या बाजूने उभा राहिला आणि १९९७ साली मजूर पक्षाच्या ब्लेअर यांच्याकडे वळला. वाचकाला गृहीत धरण्याची किंमत मात्र त्याला लिव्हरपूलमध्ये मोजावी लागली. एप्रिल १९८९मध्ये हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत, ज्यात अखेर ९७ जणांचा बळी गेला, लिव्हरपूलच्या चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, असे आरोप ‘सत्य’ या मथळ्याखाली त्याने पहिल्या पानावर छापले. ते खोटे होते आणि पुढे पत्राने माफीही मागितली. तरीही त्या शहरातले कितीतरी विक्रेते आजही ‘सन’ दुकानात ठेवत नाहीत.