घरटी असलेल्या झाडाची छाटणी पुढे ढकलताना : माझा अनुभव

पुण्यात एरंडवण्यातल्या पक्षीमित्रांच्या गटात मी आले ती रविवारच्या फेऱ्यांमुळे. कधी वेताळ टेकडी, कधी पाषाण तलाव, थंडीत कवडीपाट. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना, संक्रांतीनंतर झाडांत अडकलेला मांजा काढणं, फेब्रुवारीत चार दिवस आपापल्या परिसरातले पक्षी मोजून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर याद्या टाकणं, असा गटाचा वर्षाचा क्रम ठरलेला आहे. मला मात्र सगळ्यांत मोलाचं वाटतं ते उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होणारं काम. वस्तीतल्या झाडांवरची घरटी शोधून त्यांची नोंद ठेवायची आणि पिल्लं उडेपर्यंत ते झाड राखायचं.

पावसाच्या तोंडावर शहरभर फांद्यांची छाटणी चालते. फांदी कोणाच्या अंगावर पडू नये म्हणून ती करावीच लागते, त्याबद्दल वाद नाही. पण नेमकी तेव्हाच कावळ्यांची वीण चालू असते, त्यांच्याच घरट्यांत कोकिळेची अंडी असतात, आणि पाठोपाठ बगळे काड्या जमवायला लागतात. पावसात बेडूक, मासे, किडे मुबलक मिळतात, म्हणून बगळ्यांची वीण याच दिवसांत.

आमच्याकडे निरोप आला तो दोन गल्ल्या पलीकडच्या सोसायटीतल्या एका आजोबांकडून. त्यांच्या फाटकाशी जुना पर्जन्यवृक्ष आहे, त्यावर वंचक जातीच्या छोट्या बगळ्यांनी घरटी केली होती, आणि कमिटीने मोठ्या फांद्या उतरवायचं ठरवलं होतं. उद्यान विभागाची परवानगी रीतसर घेतलेली होती. ठेकेदार पुढच्या आठवड्यात येणार होता.

गटातल्या ज्येष्ठ ताईंचा नियम आहे, आधी नोंद, मग विनंती. त्यामुळे कोणाशीही बोलायच्या आधी आम्ही समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन बसलो. खालून पाहिलं तर पर्जन्यवृक्षाच्या दाट छत्रीत काहीच कळत नाही, वरून सगळं उघडं होतं. वंचकाचं घरटं म्हणजे काड्यांचा विस्कटलेला माचा, इतका विरळ की काही ठिकाणी आतली फिकट निळसर-हिरवी अंडी काड्यांच्या फटीतून दिसत होती. एक पक्षी काडी घेऊन उतरायचा, ती घरट्यावरच्या जोडीदाराच्या चोचीत द्यायचा, आणि तो मान लांब करून ती खोचायचा. एरवी मातकट दिसणाऱ्या या पक्ष्याची पाठ विणीच्या काळात गडद तांबूस होते. गच्चीतून तो रंग पाहिला आणि हा पक्षी मला पुन्हा नव्याने भेटला.

वहीत आम्ही प्रत्येक घरट्याला क्रमांक दिला आणि कोणत्या फांदीवर, किती उंचीवर, आत अंडी की पिल्लं, तारीख, वेळ, फोटो असं सगळं लिहिलं. झाडाचा कच्चा नकाशा काढून रस्त्याकडच्या, इमारतीकडच्या आणि वाळलेल्या फांद्या वेगवेगळ्या दाखवल्या. पुढे सगळं याच नकाशावर ठरलं.

मग कमिटीला पत्र दिलं आणि प्रती उद्यान विभागाला व वन विभागाला पाठवल्या. पत्रात एक वाक्य कायद्याचं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंडी-घरटी विस्कटणं येतं. छाटणीची परवानगी हातात असली तरी हे कलम लागू राहतंच, हे बहुतेक सोसायट्यांना माहीत नसतं. पण पत्राची सुरुवात त्या वाक्याने करू नये, असं माझं ठाम मत आहे. धमकी वाटली की माणसं बोलायचीच थांबतात.

पार्किंगमध्ये बैठक झाली. एक काकू म्हणाल्या, "अहो, रोज सकाळी गाडी धुऊनच ऑफिसला निघायचं का? आणि वास केवढा येतो!" त्यांचं म्हणणं खरंच होतं. बगळ्यांच्या झाडाखाली विष्ठा पडते, पिल्लांच्या तोंडातले मासे पडतात, ते कुजतात. तो त्रास मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. आम्ही तीन गोष्टी सुचवल्या. झाडाखालच्या गाड्या विणीपुरत्या दुसरीकडे लावायच्या, फाटकाच्या वाटेवर ताडपत्री बांधायची, आणि बुंध्याभोवती लाकडाचा भुसा पसरून तो रोज झाडून काढायचा. भुसा गटाने आणून दिला, पहिले काही दिवस झाडायलाही आम्हीच गेलो. धोका खरोखर होता तो रस्त्यावर झुकलेल्या एका वाळक्या फांदीचा. नकाशावर तिच्यावर एकही घरटं नव्हतं, म्हणून तेवढी फांदी लगेच उतरवायला आम्हीच सांगितलं. चेअरमन काका तिथे नरमले. "म्हणजे तुम्ही सरसकट नाही म्हणत नाही," ते म्हणाले, आणि बाकीची छाटणी पिल्लं उडेपर्यंत थांबवायचं पत्र त्यांनी स्वतः उद्यान विभागाला दिलं.

वंचकाची अंडी साधारण तीन-साडेतीन आठवडे उबवली जातात, नंतर पिल्लं उडायला आणखी महिनाभर लागतो, आणि सगळी घरटी एकाच वेळी सुरू होत नाहीत. त्यामुळे मुक्काम लांबतो, हे कमिटीला आधीच सांगितलेलं बरं. मधल्या काळात वादळी पावसात पिल्लं खाली पडली. सोसायटीतली मुलं तोवर तयार झाली होती. भोकं पाडलेलं खोकं, आत जुना कपडा, चोचीत पाणी ओतायचं नाही, दूध-पाव भरवायचा नाही, मोबाइलवर फोटो काढायला गर्दी करायची नाही. बगळ्याची चोच सरळ डोळ्यावर येते, म्हणून पिल्लू उचलायचं मोठ्या माणसानेच, टॉवेल टाकून. मग वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन. सगळी वाचली नाहीत, याचं वाईट आजही वाटतं.

ऑक्टोबरात झाड रिकामं झाल्यावर उद्यान विभागाची माणसं आली आणि बेताची छाटणी झाली. मुख्य फांद्या जागेवर आहेत.

त्या नकाशाचा आणि पत्राचा नमुना आता गटाकडे तयार आहे. तो आम्ही सोसायट्यांना मार्चमध्येच देतो, कारण छाटणीचे अर्ज त्या सुमारास लिहिले जातात, आणि अर्जातच "घरटी तपासून, ऑक्टोबरनंतर" असं लिहिलं तर पुढे कोणाशी भांडावं लागत नाही.