पद्मिनीचे इंजिन : जुळणी आणि त्यानंतरचे तापणे

मागच्या नोंदीच्या वेळी माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक, क्रँक (पिस्टनांची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) आणि हेड तिन्ही मशीन शॉपमध्ये होते. आता इंजिन जुळून गाडीत बसले आहे आणि गाडी रस्त्यावर आली आहे. जुळणीनंतर तीन दोष समोर आले. त्यांपैकी गरम इंजिनाचे ऑइल प्रेशर आणि चढावर तापणे हे दोन मिटले आहेत, गरम गाडी पुन्हा चालू न होण्याचा तिसरा अजून हातात आहे. या नोंदीत जुळणीतील मोजमापे थोडी सविस्तर देत आहे, कारण पुढे दोष शोधताना सर्वांत जास्त उपयोग त्यांचाच झाला.

इंजिन मूळचे १०८९ सीसीचे आहे. बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, तीन मेन बेअरिंगांचा क्रँक, बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचे हेड अशी त्याची रचना आहे. परदेशातून सुटे भाग मागवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इटलीत फियाट ‘११०० डी’ या नावाने विकल्या गेलेल्या गाडीचे इंजिन ७२ मिमी बोअरचे, म्हणजे १२२१ सीसीचे होते. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्या दिसत असल्या तरी तिकडचे पिस्टन आणि रिंगा कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या आपल्या इंजिनाला चालत नाहीत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. टॅक्सीवाल्यांच्या मागणीवर चालणारा सुट्या भागांचा बाजार आता आटत जाणार असे मला वाटते, म्हणून गॅस्केट संच आणि फ्युएल पंपाचे पडदे हाती लागतील तेव्हा घेऊन ठेवावेत.

यंत्रकाम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करून घेतले. चारही बोअरना नव्या स्लीव्ह बसवून त्या पुन्हा ६८ मिमीवर आणल्या आणि क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगांत फिरणारे गोल भाग, वीस थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड केले. ब्लॉक घरी आल्यावर त्याच्या तेलवाहिन्यांचे प्लग काढले, प्रत्येक वाहिनी ब्रशने आणि साबणाच्या गरम पाण्याने धुतली आणि दाबाच्या हवेने कोरडी केली. होनिंगनंतर, म्हणजे बोअर दगडाने बारीक घासल्यानंतर, तिच्या भिंतीवर राहणारी भुकटी रॉकेलने पूर्ण निघत नाही, तिला साबण आणि गरम पाणीच लागते. पांढरे फडके फिरवल्यावर ते पांढरेच राहीपर्यंत हे काम थांबवू नये.

मेन बेअरिंगांचा संच नवा, पर्यायी बनावटीचा होता. शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल कवचे, ब्लॉकमध्ये बसवून तेलाच्या छिद्रातून तार घालून पाहिली, तेव्हा मागच्या शेलचे छिद्र ब्लॉकच्या छिद्रावर जेमतेम निम्मे येत असल्याचे दिसले. शेल जागी चपखल बसलेले होते, टोपी आवळली गेली असती आणि बाहेरून काहीही कळले नसते. दुकानदाराने तो संच परत घेतला. दुसऱ्या संचात तिन्ही छिद्रे नेमकी जुळली. त्यानंतर प्लॅस्टिगेजने (दाबल्यावर किती पसरतो त्यावरून फट सांगणारा मऊ धागा) मोजलेली फट तिन्ही मेन बेअरिंगांवर दोन थाऊच्या आसपास आणि चारही बिग एंडवर (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकांवर) त्याहून किंचित कमी आली. हे आकडे मी ब्लॉकच्या रेखाचित्रावर जागच्या जागी लिहून ठेवले.

रिंगांच्या टोकांमधील फटीसाठी बोअरच्या दर इंचामागे चार थाऊ हा सर्वसाधारण नियम धरला. ६८ मिमी बोअरला ती साधारण ०.२७ मिमी येते. रिंग बोअरमध्ये टाकून, उलट्या पिस्टनने थोडी खाली ढकलून, सरळ बसली की मगच फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालावा, कारण तिरकी बसलेली रिंग खोटी फट दाखवते. काही रिंगा घासाव्या लागल्या. प्रत्येक रिंग ज्या बोअरमध्ये मोजली त्याच बोअरमध्ये बसवली. हेडला हलके फेसिंग केले होते. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळले आणि पहिल्या तापण्यानंतर इंजिन पूर्ण थंड होऊ देऊन पुन्हा तपासले. ॲल्युमिनियमचे हेड गरम असताना त्याच्या बोल्टना पाना लावू नये.

पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून ठेवून, यांत्रिक गेजवर ऑइल प्रेशर दिसेपर्यंत इंजिन स्टार्टरवर थोडे थोडे फिरवले. इंजिन लगेच चालू झाले. नवा कॅमशाफ्ट आणि नवे टॅपेट असल्यामुळे ते सुरुवातीला आयडलवर न ठेवता मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवले. कॅम आणि टॅपेट यांच्या भेटीच्या जागी तेल मुख्यतः शिंतोड्यांनीच पोहोचते आणि मंद गतीला ते पुरेसे उडत नाही.

पहिला दोष ऑइल प्रेशरचा होता. थंड इंजिनात गेज उत्तम दाब दाखवत असे, पण तासभर चालल्यावर आयडलला काटा जवळजवळ तळाला टेकत असे. अशा वेळी बहुतेकांचा पहिला सल्ला जाड तेल घालण्याचा असतो आणि दुसरा संशय बेअरिंगांवर जातो. येथे रेखाचित्रावरचे आकडे कामी आले. फटी मोजलेल्या होत्या, त्या योग्य होत्या आणि इतक्या कमी धावेत त्या वाढण्याचे कारण नव्हते. त्यामुळे दाब जादा झाल्यास तेल मागे सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह काढून पाहिला. त्याचा दट्ट्या आपल्या जागेत अडकत चालत होता, त्याच्या अंगावर बारीक ओरखडे होते आणि बैठकीवर तो पूर्ण टेकत नव्हता. त्यामुळे गरम, पातळ झालेले तेल सतत मागे संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात) निसटत होते. बारीक पेपरने दट्ट्या साफ करून, बैठक स्वच्छ करून आणि स्प्रिंग बदलून व्हॉल्व्ह परत बसवला. तेलाची जात तीच ठेवूनही आता गरम आयडलला काटा स्थिर राहतो.

तापण्याचा दोष अधिक चिवट होता. शहरात आणि सपाट रस्त्यावर तापमान अगदी नेमस्त राही. वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना मात्र काटा सतत वर सरकत जाई, इंजिनाची ओढ कमी होई आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळाचा) करपट वास गाडीत येई. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडाशी पाहिले तर बुडबुडे नव्हते, म्हणजे हेड गॅस्केटवरचा संशय बराच कमी झाला. इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या जाळीवर जागोजागी तापमान घेतले, तेव्हा कोठेही थंड पट्टा सापडला नाही, म्हणजे नळ्या तुंबलेल्या नव्हत्या. प्रेशर कॅपही तपासली. दर पौंड दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू दीड अंशाहून थोडा अधिक वाढतो, त्यामुळे सैल कॅप घाटात निश्चित त्रास देते. ही कॅप मात्र दाब धरत होती.

आयडलला इग्निशन टायमिंग अचूक होते आणि म्हणूनच खरे कारण इतका वेळ लपून राहिले. क्रँक पुलीचा परीघ कागदी पट्टीने मोजून, त्याला ३६० ने भागून मी पुलीवर दर पाच अंशांवर पांढऱ्या खुणा केल्या आणि टायमिंग लाइट धरून फेऱ्या वाढवत नेल्या. तीन हजार फेऱ्यांपर्यंत खूण जागची हललीच नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या तळाशी असलेली, वेगाबरोबर बाहेर फेकली जाऊन ठिणगी पुढे आणणारी वजने जुन्या, घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये रुतून बसली होती. ठिणगी उशिरा पडली की मिश्रण पिस्टन खाली जात असतानाही जळत राहते, त्या ज्वलनातून ओढ मिळत नाही आणि त्याची उष्णता एक्झॉस्ट पोर्टच्या भिंतींतून थेट पाण्यात उतरते. चढावर इंजिन जोर करत असताना नेमके हेच घडत होते. डिस्ट्रिब्यूटर पूर्ण खोलून रॉकेलने धुतला, वजनांच्या खिळ्यांना पातळ तेल दिले आणि पुन्हा लाइट लावला, तेव्हा फेऱ्यांबरोबर खूण सरकताना स्पष्ट दिसली. डिस्ट्रिब्यूटर बाहेरून चकचकीत असला तरी जुळणीच्या वेळीच तो तळापर्यंत खोलावा, असे मी आग्रहाने सांगेन.

तापणे बरेच कमी झाले, तरी प्लगांची चिनी माती पांढरीफटक दिसत होती, म्हणजे मिश्रण हवेकडे झुकलेले होते. याला दोन कारणे निघाली. कार्बोरेटरच्या थ्रॉटल स्पिंडलवर पाण्याचा बारीक फवारा मारताच आयडल बदलत असे, कारण झिजलेल्या स्पिंडलच्या बाजूने हवा आत ओढली जात होती. लेथवर पितळी बुश करून ते बसवले. दुसरे कारण इंधनाचे आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ भाग पुरते. नव्या गाड्यांत हा फरक सेन्सर भरून काढतो, आपल्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये तो जेटनेच, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्यानेच, भरून काढावा लागतो. सोलेक्सच्या जेटवरचा अंक म्हणजे छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. त्यात पाचाने वाढ केल्यावर छिद्राचे क्षेत्रफळ आठ-नऊ टक्क्यांनी वाढते आणि तूट जवळपास भरून निघते. मोठा जेट बसवल्यावर प्लग फिकट तपकिरी झाले आणि त्याच घाटात काटा मधल्या खुणेच्या थोडा वर जाऊन थांबला.

राहिला तिसरा दोष. गरम गाडी दहा-पंधरा मिनिटे उभी राहिली की चालू होताना फार वेळ घेते. बॉनेटखाली साठलेल्या उष्णतेने पंपातील आणि कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोलची वाफ होते. पूर्वीचे चालक घाटमाथ्यावर फ्युएल पंपावर ओले फडके टाकत ते याचसाठी, आणि तो उपाय आजही लागू पडतो. कार्बोरेटरखाली बेकलाइटचा जाड स्पेसर आणि मॅनिफोल्डवर पत्र्याचा आडोसा तयार केला आहे. स्पेसरमुळे कार्बोरेटर वर उचलला जातो, म्हणून थ्रॉटलचा दांडा त्या मानाने लांब करावा लागेल. पंपाचा पडदा आणि रबरी नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या घालणार आहे, कारण जुन्या नळ्या बोटाने दाबल्यावर मऊ लागू लागल्या आहेत. हे झाले की गाडी भर दुपारी करूळ घाटातून वर आणून गगनबावड्याला बंद करीन आणि पुन्हा चालू व्हायला किती वेळ लागतो ते पुढच्या नोंदीत देईन.